होडी बांधणाऱ्याचं नाव : रीवा घराणं आणि आपल्या किनाऱ्यावरचे मेस्त्री

खाडीकाठचा

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जा, होडीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या उचललेल्या टोकाशी, नाव रंगवलेलं असतंच. देवाचं असतं, आईचं असतं, मालकाच्या मुलीचं असतं. शेजारी नोंदणी क्रमांक. ती होडी ज्याने उभी केली त्या मेस्त्रीचं नाव मात्र शोधून सापडत नाही. होडी वीस-पंचवीस वर्षं चालते, मालक बदलतो, आणि मग "पलीकडच्या गावच्या कुणा मेस्त्रीने बांधलेली" एवढंच काय ते शिल्लक राहतं.

हे खटकत होतं म्हणून जगात इतरत्र होडी बांधणाऱ्या घराण्यांचं काय झालं ते वाचायला लागलो आणि इटलीतल्या रीवा घराण्यापाशी थांबलो. सफरीच्या, हौसेच्या होड्यांच्या जगात या नावाला जो मान आहे तो फार थोड्यांना आहे. पण सुरुवात अगदी आपल्या वळणाची आहे.

उत्तर इटलीत इझेओ नावाचं तळं आहे, त्याच्या काठावर सार्निको हे गाव. १८४२ साली पिएत्रो रीवा हा विशीतला मेस्त्री कोमो तळ्याकडून इथे आला. वादळाने गावातल्या होड्यांची मोडतोड झाली होती आणि त्याने त्या दुरुस्त करून दिल्या. म्हणजे घराण्याचा पाया नव्या होडीवर नाही, डागडुजीवर घातला गेला. आपल्याकडेही मेस्त्रीची पारख अशीच होते. नवी होडी कोणीही देखणी करून देईल, फुटलेली फळी काढून नवी बसवल्यावर पाणी झिरपलं नाही तर तो खरा मेस्त्री.

पिएत्रोचा मुलगा एर्नेस्तो. त्याच्या काळात इंजिन आलं. तळ्यावरच्या मालवाहू आणि प्रवासी होड्यांना त्याने इंजिनं बसवली. नातू सेराफिनो पहिल्या महायुद्धानंतर वेगाच्या मागे लागला. शर्यतीच्या होड्या बांधल्या, बक्षिसं मिळवली, नाव तळ्याबाहेर गेलं. आणि चौथ्या पिढीतला कार्लो, जन्म १९२२.

कार्लोवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या घराण्याची खरी गोष्ट इथे आहे. बाप शर्यतीच्या होड्या एकेक करून बांधणारा. प्रत्येक होडी वेगळी, प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं. मुलाचं म्हणणं होतं की ठरावीक नमुने करू, एका मापाच्या होड्या ओळीने बांधू, म्हणजे सुटा भाग इथून पाठवला तरी तो तिथल्या होडीला बसेल. बापलेकात यावरून चांगलंच वाजलं. १९५०च्या सुमाराला कारभार कार्लोच्या हाती आला आणि त्याने म्हटलं तसं केलं. इंजिनासाठी तो थेट अमेरिकेला गेला आणि ख्रिस-क्राफ्ट कंपनीशी करार करून आला. त्या दशकात अरिस्तोन, त्रितोने, फ्लोरिडा असे नमुने निघाले. १९६२ मध्ये आली अक्वारामा : महॉगनीची, जुळ्या इंजिनांची, २६ ते २९ फुटांच्या घरातली. १९९६ पर्यंत या मालिकेच्या एकंदर ७६९ होड्या बांधल्या गेल्या. सोफिया लॉरेन, ब्रिजित बार्दो यांच्याकडे रीवा होत्या. लॅम्बोर्गिनी मोटारींचे मालक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९६८ मध्ये स्वतःसाठी अक्वारामा घेतली, तिच्यात आपल्या कारखान्याची दोन बारा सिलिंडरची इंजिनं बसवून घेतली.

नटनट्यांची नावं सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की १९५९ मध्ये कार्लोने मोनाकोला दुरुस्ती आणि देखभालीचं ठाणं उघडलं. तिथे खडकात बोगदा खोदून गिऱ्हाइकांच्या होड्या ठेवायची सोय केली. पणजोबा फुटक्या होड्या सांधत होता, पणतू राजेरजवाड्यांच्या होड्या हिवाळाभर सांभाळत होता. होडी विकली की संबंध संपला असं या घरात कुणी मानलं नाही.

पुढचं थोडक्यात. १९६९ मध्ये कार्लोने कंपनी व्हिटेकर या अमेरिकन कंपनीला विकली. त्याच वर्षी रीवाच्या पहिल्या फायबरच्या होड्या निघाल्या. तो स्वतः लवकरच बाहेर पडला, मेहुणे जीनो जेर्व्हासोनी यांनी मात्र पुढे बरीच वर्षं कारखाना चालवला. नंतर ब्रिटिश मालक आले, २००० पासून फेरेत्ती समूह, आणि २०१२ पासून त्या समूहात चीनच्या वेइचाई कंपनीचा मोठा हिस्सा. कार्लो २०१७ मध्ये ९५व्या वर्षी वारला. सार्निकोचा कारखाना अजून चालू आहे आणि प्रत्येक होडीवर नाव रीवाचंच आहे.

आता आपल्याकडे. मुंबईच्या गोदीतलं वाडिया घराणं सगळ्यांना ठाऊक आहे. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून सुतार घेऊन मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने बांधलेली १८१७ची 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. त्यांचं नाव राहिलं, कारण कंपनी सरकारने कागद ठेवले. पण वाघोटण खाडीत गिर्ये इथे खडकात खोदलेली मराठा आरमाराची गोदी आहे, ती पाहताना मनात येतं की इथे गुराबा, गलबतं बांधणारे हात कुणाचे होते? दर्यासारंगांची नावं आपल्याला पाठ आहेत, सुतारांची नाहीत. आणि ते लोक परग्रहावरून आले नव्हते, त्यांचे वंशज आजही आपल्या खाड्यांच्या काठी वाकस (लाकूड तासायचं हत्यार) घेऊन बसलेले आहेत.

म्हणून हा धागा. आपल्या गावी होड्या कोण बांधायचं, कुठल्या लाकडाच्या, कुठल्या घाटाच्या, लाकूड सुटून फायबर कधी आलं, हे जितकं माहीत असेल तितकं इथे लिहा. आज हयात असलेल्या व्यक्तींची नावं त्यांना विचारल्याशिवाय नकोत.

देवबागवाला

बरा केलास हो धागो काढलंस तो. आमचो आजो होडये बांधी. कागद नाय, नकशो नाय, सगळा माप डोळ्यात. गिऱ्हाइकान नुसता सांगूचा, रांपणीक व्हयी काय गळाक, किती माणसा बसतली. आजो वाळयेर काठयेन रेघ मारून दाखवी, ह्या इतक्या लांब. बस. थयच सौदो.

बाकीच्यांसाठी पुढचं साध्या मराठीत लिहितो. (रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.) आजोबा नाळ आणि पठाण (होडीच्या तळाचा कणा) जोडायचे त्या दिवशी कामावर दुसरं काही होत नसे. नारळ, हळदकुंकू, मालकाच्या घरचे सगळे हजर. मेस्त्रीला पानसुपारी आणि धोतरजोडी. मेस्त्रीला मान नव्हता असं कुणी समजू नये. मान होता, पण तो त्या दिवसापुरता आणि तोंडी.

सागवान

लेख आवडला. लाकडाच्या बाजूने थोडी भर घालतो.

रीवाच्या होड्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जन्मल्या आणि वापर झाला की बहुतेक छपराखाली गेल्या. महॉगनीवर व्हार्निशचे थरावर थर, प्रत्येक थर वाळला की घासायचा, मग पुढचा. हे सौंदर्य सांभाळायला माणसं आणि पैसा लागतो. आपल्या होडीचं आयुष्य खाऱ्या पाण्यात, चिखलात, आणि ओहोटीला कडक उन्हात. इथे व्हार्निश एक हंगाम टिकणार नाही. म्हणून आपल्या लोकांनी तेलाचा मार्ग धरला. मुशीचं (शार्क माशाचं) तेल, उंडीचं तेल. तळाला चुना आणि तेल खलून केलेला लेप, कारण खाऱ्या पाण्यातली कीड लाकूड आतून पोखरते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. वास मारणारं काम आहे, पण होडी जगते.

लाकूडही काही एकच नसे. परवडलं तर साग. नाहीतर ऐन, किंजळ, फणस. उंडीचं झाड किनाऱ्यालाच वाढतं, त्याला मिळणारे नैसर्गिक बाक बरगड्यांना उपयोगी. जुने मेस्त्री झाड उभं असतानाच कुठली फांदी कुठे लागेल ते ठरवून ठेवत.

आणि एक कारागिरी सांगायलाच हवी. मुंबई-सुरतेकडच्या जुन्या जहाजांत दोन फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवत नसत. एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, मधे राळेत भिजवलेला कापूस, आणि मग ठोकून बसवायचं. सांधा इतका घट्ट की वर्षानुवर्षं हलत नसे. युरोपातले लोक फळ्यांच्या फटीत बाहेरून जुन्या दोरखंडांचा पिंजलेला धागा ठोकत होते तेव्हा आपल्याकडे सांधाच पाणी अडवत होता. इंग्रज प्रवाशांनीही याचं कौतुक लिहून ठेवलं आहे.

मिशिगनवासी

मी मूळचा देवगड तालुक्यातला, सध्या डेट्रॉइटजवळ राहतो. धाग्यात ख्रिस-क्राफ्टचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण ती कंपनी इथूनच जवळच्या अल्गोनॅक गावची. सेंट क्लेअर नदीच्या काठी.

तेही घराणंच. ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ, जन्म १८६१. तेराव्या वर्षी, १८७४ मध्ये त्याने पहिली होडी बांधली असं सांगतात. भाऊ हँकबरोबर बदकांच्या शिकारीला येणाऱ्यांना होड्या करून देणं हा सुरुवातीचा धंदा. पुढे वेगवान होड्या, गोल्ड कपच्या शर्यती. गार वुड या धनिकाबरोबर काही वर्षं भागीदारी झाली, आणि १९२०ची हार्म्सवर्थ करंडकाची शर्यत जिंकणारी 'मिस अमेरिका' अल्गोनॅकचीच. १९२२ मध्ये वेगळं होऊन ख्रिस स्मिथ अँड सन्स. मुलं जोडीला. १९३० मध्ये ख्रिस-क्राफ्ट हे नाव अधिकृत झालं.

स्मिथ लोकांची मोठी करामत म्हणजे त्यांनी हौसेची होडी मध्यमवर्गापर्यंत आणली. हप्त्यावर विक्री, गावोगाव विक्रेते, आणि १९५०च्या दशकात तर सुटे भाग खोक्यात घालून घरी पाठवायचे, आपली होडी आपणच जोडा. दुसऱ्या महायुद्धात हाच कारखाना सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या हजारोंनी बांधत होता. १९६० मध्ये कुटुंबाने कंपनी चार कोटी डॉलरला विकली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लाकूड संपलं, सगळं फायबर. २०१८ पासून मालक विनेबेगो.

आता या धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. ख्रिस-क्राफ्टच्या प्रत्येक होडीला क्रमांक असे आणि कारखान्यात तिचं एक कार्ड असे. कुठलं इंजिन बसवलं, रंग कोणता, कधी रवाना झाली, कुठल्या विक्रेत्याकडे गेली. ही कार्डं आज व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. जुनी होडी विकत घेणारा माणूस क्रमांक कळवून तिच्या कार्डाची प्रत मागवू शकतो. आजोबांच्या काळातल्या होडीचा जन्मदाखला हातात येतो. एवढी साधी गोष्ट. पुठ्ठ्याचं एक कार्ड.

निळी शाई

भावना पोचल्या, पण पैशाचं बोलल्याशिवाय ही तुलना अपुरी आहे. कार्लो रीवाला गिऱ्हाईक मिळालं ते युद्धानंतर श्रीमंत होत गेलेल्या युरोपात. आपल्याकडे होडी म्हणजे पोट. कर्ज काढून बांधायची, हंगाम साधायचा, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. असा माणूस मेस्त्रीला "नवा घाट करून बघ" असं कसं म्हणेल? प्रयोग करायला मोकळा पैसा असलेला गिऱ्हाईक लागतो.

तो गिऱ्हाईक आता आला आहे. मांडव्याच्या जेट्टीवर सुट्टीच्या दिवशी उभे राहा. मुंबईकरांच्या खासगी स्पीडबोटी, यॉट यांची रांग असते. त्यातल्या किती अलिबाग-मुरूडच्या हातांनी बांधल्या? तारकर्लीला पर्यटक फिरवणाऱ्या होड्या पाहा. बहुतेक मासेमारीच्याच घाटाच्या, वर छप्पर आणि बाकडी. सफरीसाठी मुळापासून विचार करून बांधलेली कोकणी होडी मला तरी दिसलेली नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं मात्र नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता. 'तारिणी' त्याच कारखान्यातली, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जग पालथं घातलं. दिवाडी काही परदेश नव्हे. त्याच किनाऱ्यावर, मालवणपासून काही तासांवर.

रेवदंड्याची

मी सहसा वाचनमात्र असते, पण इथे लिहावंसं वाटलं.

माझे वडील होड्या बांधायचे. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे आणि लाट अचानक उभी राहते, म्हणून त्यांच्या होडीची नाळ जरा जास्त उचललेली आणि पुढचा पोटाचा भाग भरदार असे. लाटेवर होडी चढायची, लाटेत घुसायची नाही. हा घाट त्यांनी वर्षानुवर्षं थोडा थोडा बदलत आणला होता. एखादी होडी पाण्यात गेली की ते किनाऱ्यावर उभे राहून नुसतं बघत बसायचे, घरी आल्यावर आईला म्हणायचे, मागून दोन बोटं कमी केली पाहिजे.

मग फायबर आलं. फायबरची होडी करायला साचा लागतो, आणि साचा काढायला एक तयार होडी लागते. बाहेरगावच्या एका कारखानदाराने वडिलांनी बांधलेली होडी तिच्या मालकाकडून विकत घेतली. ती पालथी घातली, घासून गुळगुळीत केली, मेण लावलं, वरून रेझिन (चिकट राळ) आणि काचतंतूंच्या मॅटचे थर दिले. वाळल्यावर जे टरफल निघालं तो साचा. त्यातून पुढे किती होड्या निघाल्या याची गणती नाही. मूळ लाकडी होडी सोडवताना फुटली, ती जळणात गेली.

आज आमच्या भागातल्या बंदरांत उभी राहिले की मला त्या होड्या लांबून ओळखू येतात. नाळेची ती उचल, पुढचं ते पोट. पर्यटकांना फिरवणाऱ्या कित्येक होड्यांना तोच घाट आहे, कारण तशी होडी लाटेवर डुलत नाही, बायकापोरांना बसायला धीर वाटतो. वडिलांना या सगळ्यातून रुपयासुद्धा मिळाला नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणी विचारलंही नाही. त्यांनी पुढे दारं-खिडक्यांची कामं केली. तक्रार कधी केली नाही, पण फायबरच्या होडीत ते कधी बसले नाहीत.

निळी शाई, तुम्ही म्हणता सफरीसाठी बांधलेली कोकणी होडी दिसत नाही. मला वाटतं ती आहे. तिच्यावर नाव नाही.

निळी शाई

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मला माहीत नव्हतं. साच्याची ही पद्धत माहीत होती, पण मूळ होडी कुणाची असते याचा विचार केला नव्हता. यापुढे मांडव्याला, अलिबागला होड्यांकडे तसं बघेन.

देवबागवाला

ताई, असाच आमच्याकडेही झाला. फरक इतकोच, आमच्याकडे साचो काढणारो भावकीतलोच होतो.

सागवान

कार्लो रीवाने बापाशी भांडून नमुने ठरवले, एका मापाच्या होड्या काढल्या, त्याचं महत्त्व आता वेगळं दिसतं. रेवदंड्याच्या मेस्त्रींनीही नमुना ठरवलाच होता. फक्त साचा दुसऱ्याच्या हाती गेला. फायबरमुळे कारागीर मेला असं आपण सरसकट म्हणतो. रीवाने १९६९ पासून फायबर वापरलं आणि नाव टिकलं, म्हणजे दोष फायबरचा नाही. ज्याचा घाट त्याची मालकी, हे लिहून ठेवायची पद्धत नव्हती, ते नडलं.

खाडीकाठचा

रेवदंड्याची, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. धागा काढताना मी जुन्या, विस्मरणात गेलेल्या मेस्त्रींचा विचार करत होतो. तुम्ही दाखवलंत की काम डोळ्यांसमोर तरंगतं आहे आणि तरीही धनी ठाऊक नाही.

मिशिगनवासींनी सांगितलेलं कार्ड डोक्यातून जात नाही. आपल्याला म्युझियम उभारणं जमेल न जमेल, पण कार्ड करता येईल. एका होडीला एक पान. कुठल्या खाडीची, कुठल्या घाटाची, लांबी-रुंदी, लाकूड कुठलं, बांधणारं घराणं कोणतं, सध्या कुठे आहे, फोटो. ज्या घरांची हरकत नसेल त्यांचं नाव ठळक अक्षरांत. आता पावसाळ्यात लाकडी होड्या ओढून झापांनी शाकारलेल्या आहेत, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत त्या जमिनीवर सापडतील. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण या चार ठिकाणी जाऊ शकतील असे कोणी आहेत का?

मिशिगनवासी

कार्डांची मांडणी आणि नंतर सगळं एकत्र ठेवायचं काम मी करतो. फोटो काढताना एक नाळेसमोरून, एक मागून, एक बरोबर बाजूने असे तीन तरी हवेत. तिरके फोटो देखणे येतात पण घाट कळत नाही.

रेवदंड्याची

वडिलांना विचारलं. आधी नको म्हणाले. संध्याकाळी स्वतःच म्हणाले की त्यांनी बांधलेली एक लाकडी होडी साळावच्या बाजूला अजून आहे, मालक ओळखीचा आहे. मापं घ्यायला ते येतील. मात्र माप नीट घ्यायचं असेल तरच, नुसते फोटो नकोत असं त्यांचं म्हणणं आहे. घाटाचं माप कागदावर कसं उतरवतात ते इथे कुणी सांगेल का? त्यांनी आयुष्यात कधी कागदावर काढलेलं नाही.

सागवान

सांगतो, अवघड नाही. दोन माणसं आणि एक सकाळ पुरे. आधी होडी टेकू देऊन सरळ करा, आडवी पाणपातळी लावून बघा. नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणून बांधा, ही तुमची मधली रेघ. तिच्यावर दर दोन फुटांवर खूण करा. प्रत्येक खुणेपाशी होडीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, दोरीपासून काठापर्यंतचं अंतर मोजा, मग पट्टीच्या टोकाला ओळंबा सोडा. ओळंब्याच्या दोरीपासून होडीचं पोट किती आत आहे ते वरून खाली दर सहा इंचांवर मोजत जा. एकाच बाजूचं घेतलं तरी चालेल, पण वडिलांना विचारा दोन्ही बाजू सारख्या आहेत का, जुन्या होड्या कधी कधी एका अंगाला बसतात. नाळेचा बाक वेगळा घ्या, त्यासाठी पुठ्ठा कापून जुळवत न्या. आकडे वहीत जसे येतील तसे लिहा, खोडू नका. फोटो काढून मला पाठवा, रेघा मी काढून देतो. साळावला मीही येऊ शकेन, रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.